कडू तोंडाची सोयरीक

दोन हजार तेवीस साल. मला त्या वर्षी एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. त्यापुढचं सगळं मी द्राक्षाच्या बागेत शिकलो आणि त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. तासगावाकडं आमची बाग आहे आणि बागेला लागून बेदाण्याची शेड. विमानात बसायची हौस मला कधीच नव्हती. पण लेकीनं फोनवर सांगितलं की तिनं पोरगा पसंत केलाय, आणि मी सांगितलं की पसंती तुझी झाली, आता घर बघायचं काम माझं. ते काही फोनवर होत नाही.

लेक आमची जर्मनीत, डार्मश्टाटला. आकाशात सोडलेले उपग्रह जिथून सांभाळतात, तिथं ती कामाला. पोरगाही तिथंच. जन्मला वाढला जर्मनीत, पण बाप इटलीचा, तिथंच डार्मश्टाटात हॉटेल चालवतो. आई मागंच वारलेली. म्हणजे घरात दोघंच पुरुष. हे ऐकून मी म्हटलं होतं, मग तर बघायलाच पाहिजे.

आमच्याकडं घर बघणं म्हणजे भिंती बघणं नव्हे. गोठ्यातलं शेण वेळेवर निघतं का, भांडी पालथी घालतात का तशीच पडतात, घरातली माणसं एकमेकांना हाक कशी मारतात, हे बघायचं. आणि मन होईपर्यंत त्या घरचं काही तोंडाला लावायचं नाही. चहा पुढं आला तर पित्ताचं निमित्त सांगायचं. मन झालं की तोंड गोड करायचं. चिमूटभर साखर का असेना, ती तोंडात गेली की शब्द गेला. मग मागं फिरणं नाही. असं माझ्या बापानं केलं, त्याच्या बापानं केलं.

लेक माझ्यावर गेलेली आहे, म्हणजे हट्टी, पण शहाणीही आहे. तिला माहीत होतं बाप कुठं विरघळतो. तिनं सांगितलं, "आबा, त्यांचं मूळ गाव व्हेरोना शहराच्या वरच्या डोंगरात आहे. वालपोलिचेल्ला म्हणतात त्या भागाला. पिढ्यानपिढ्या द्राक्षवाले आहेत. आणि तिथली जी सगळ्यात नावाजलेली वाईन आहे ना, आमारोने, ती ताज्या द्राक्षाची करत नाहीत. आधी द्राक्ष सुकवतात, मग पिळतात."

मी विचारलं, सुकवतात म्हणजे बेदाणा करतात? ती म्हणाली, जवळजवळ. मी निम्मा राजी तिथंच झालो. तसं दाखवलं मात्र नाही.

ऑक्टोबरची छाटणी उरकली, बाग पुतण्याच्या हवाली केली आणि नोव्हेंबरात आम्ही नवराबायको डार्मश्टाटला उतरलो. संध्याकाळी पाचला अंधार. लेकीच्या इमारतीतली लिफ्ट आम्ही आल्यापासून बंद होती. शेजारची म्हातारी जिन्यात भेटली की लिफ्टकडं बोट दाखवून म्हणायची, काप्पुट. रोज भेटायची, रोज म्हणायची. त्यामुळं हा एक जर्मन शब्द मला पक्का आला. आमची मंडळी तिला हसून म्हणायची, व्हय बाई, काप्पुट. दोघींचं चांगलं जमलं होतं.

पोरगा तिसऱ्या दिवशी भेटायला आला. उंच, दाढीवाला, दारात बूट काढून व्यवस्थित जोडून ठेवले. मला "आबा" म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. हे लेकीनं शिकवलंय हे मला कळत होतं, पण शिकवलेलं शिकतो हेही कमी नाही.

घर बघायला बोलावलं ते सोमवारी. सोमवारी त्यांच्या हॉटेलचा रुहेटाग, म्हणजे सुट्टीचा वार. खाली हॉटेल, वर राहतं घर. बाप दारातच उभा होता. माझ्याच वयाचा, बुटका, मिशा पांढऱ्या, हात मोठे. हात मिळवताना मी त्याचा पंजा दाबून बघितला. त्यानंही माझा दाबला. बसा म्हणाला. मी म्हटलं, आधी घर.

मी भटारखाना बघितला. सुऱ्या कुठं ठेवतात ते बघितलं. मोरीची जाळी उचलून बघितली, खाली हात घातला. शेगडीच्या मागची भिंत बघितली, कारण पुढची भिंत सगळेच पुसतात. तळघरात उतरलो, पोती भिंतीला टेकवून ठेवलीत का मधे हवा खेळती आहे ते पाहिलं. इटलीवाला हाताची घडी घालून माझ्या मागं मागं. शेवटी तो लेकीला काहीतरी बोलला आणि पोरगा हसायला लागला. मी विचारलं काय म्हणतोय. लेक म्हणाली, ते विचारतायत, तुझे वडील आरोग्य खात्यात आहेत का, कारण आरोग्य खात्याचा माणूस सुद्धा जाळी उचलत नाही.

मला राग आला नाही. कौतुकच होतं ते. जाळी स्वच्छ निघाली होती.

आणि बाप-लेक एकमेकांशी कसे बोलतात तेही मी ऐकत होतो. भाषा कळत नसली म्हणून काय झालं. पोरगा बापाचं बोलणं पुरं होऊ देत होता, मगच बोलत होता. बाप त्याच्यावर एकदा खेकसला, ताटं गरम करायची राहिली म्हणून, आणि पोरगा उठून गेला आणि करून आला. माझं मन झालं. बायकोकडं बघितलं, तिनं पदर सारखा केला. म्हणजे तिचंही झालं होतं.

मग आम्ही टेबलाशी बसलो आणि इटलीवाल्यानं बाटली आणली. ती त्यानं सकाळीच उघडून ठेवली होती, असं पोरगा सांगत होता. तिला एवढा वेळ श्वास घेऊ द्यावा लागतो म्हणे. त्याच्या भावाच्या घरची वाईन, त्याच डोंगरातली. ज्या साली पोरगा कामाला लागला त्या सालची. पेले दुधाच्या तांब्याएवढे मोठे आणि त्यात ओतली तळाशी चार बोटं. रंग काळसर लाल, जांभळाच्या डागासारखा. वास मात्र खरा होता. शेडचं दार मार्चमध्ये सकाळी उघडलं की आतून येतो तसा, सुकलेल्या द्राक्षाचा. त्या वासानं माझं उरलंसुरलं काम केलं.

मी मनात हिशेब मांडला. बेदाणा म्हणजे गोड. बेदाण्याचा रस म्हणजे आणखी गोड. देवानंच योग आणलाय, बेदाणेवाल्याच्या लेकीची सोयरीक बेदाण्याच्या रसानं. मी उभा राहिलो आणि लेकीला म्हटलं, "सांग त्याला. माझं मन झालंय. मी आता तोंड गोड करतो."

लेकीचे डोळे भरून आले. तिनं ते जर्मनमध्ये सांगितलं, पोरानं बापाला इटालियनमध्ये सांगितलं, कारण बापाचं जर्मन हॉटेलापुरतंच. इटलीवालाही उभा राहिला. आणि मी, फौजेतल्या चुलतभावाची रम जशी घेतो तशी, चारी बोटं एका दमात घशाखाली घातली.

कडू. नुसतं कडू नाही, कडू आणि तुरट आणि वरून जाळ. जीभ गोळा झाली. डोळ्यांतून पाणी. गोडाचा मागमूस नाही. मी एवढा द्राक्षात जन्म काढलेला माणूस, मला वाटलं एकच गोष्ट झालेली असणार, माल बिघडलाय. आणि मी ते इटलीवाल्याला त्याच्या तोंडावर, मला येत असलेल्या एकुलत्या एक जर्मन शब्दात सांगितलं.

"काप्पुट."

इटलीवाल्यानं पेला उचलला, वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पेला खाली ठेवला. माझ्याकडं न बघता मान हलवली, नाही अशी. कान लाल झाले होते. मी पण बसलो. पण बसताना लेकीला म्हटलं, तोंड कडू झालं, आता आज सोयरीक होत नाही. कडू तोंडानं शब्द देत नसतात.

लेकीनं हे भाषांतर केलं नाही. ती मराठीतच बोलली, हळू. म्हणाली, "आबा, मी तीन वर्षं थांबलेय. तुम्ही येऊन हो म्हणाल म्हणून. तुमच्याशिवाय लग्न केलं असतं तर केव्हाच झालं असतं. आणि तुम्ही एका घोटावरून नाही म्हणताय?"

मी म्हटलं, एका घोटावरून घागर कळते. आणि माझं म्हणणं मी मागं घेतलं नाही. ते अजूनही घेतलेलं नाही, कारण गोडाच्या वेळी कडू पुढं करणं हे चूकच. पण लेकीकडं बघवत नव्हतं, हे खरं.

इटलीवाल्यानं पोराला विचारलं, की हा गोड कशाला म्हणत होता. पोरानं लेकीला विचारलं. लेकीनं सगळं सांगितलं, आमची बेदाण्याची शेड, साखरेची चिमूट, सगळं. ते जर्मनमधून इटालियनमध्ये गेलं आणि म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. हसला की काय ते कळलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला, कोणाला तरी लावला आणि माझ्यासमोर धरला.

फोनमध्ये त्याचा भाऊ होता, तिकडं डोंगरात. हातात फोन घेऊन तो एका माडीवर चढला आणि दिवा लावला. आणि मी खुर्चीतून पुढं सरकलो. लांबच्या लांब माडी, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि मजल्यावर मजले रचलेले. बांबूच्या चटया, काही ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट, आपले असतात तसेच. त्यावर घड, एकाला एक न चिकटता, एकेका थरानं मांडलेले. काळी द्राक्षं, बारीक मण्याची, कातडी सुरकुतायला लागलेली. सप्टेंबरात घातलेला माल.

मी विचारलं, डिपिंग कशाचं? म्हणजे आम्ही घड आधी पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवतो, तेव्हा कुठं साल उघडते आणि पंधरा दिवसांत बेदाणा होतो. इटलीवाला म्हणाला, कशात बुडवत नाही. नुसती हवा. मी म्हटलं, मग किती दिवस? तो म्हणाला, जानेवारीपर्यंत. मी म्हटलं, म्हणजे चार महिने, बुरशी येत नाही? तो म्हणाला, म्हणून तर भाऊ रोज माडीवर चढतो आणि वाईट मणी वेचतो, आणि गार्दा नावाच्या मोठ्या तळ्यावरून वारा येतो, खिडक्या त्याच्याच तोंडाला ठेवलेल्या आहेत. मी म्हटलं, पंधरा दिवसांचं काम चार महिने करणं ही काही हुशारी नव्हे. तो म्हणाला, पंधरा दिवसांत सुकवलेलं द्राक्ष म्हणजे भाजलेलं द्राक्ष. मी म्हटलं, तू माझा बेदाणा बघितलायस का? तो म्हणाला, तू माझी वाईन प्यालास का, तू तर ती ओतलीस घशात.

हे सगळं मराठीतून जर्मनमध्ये, जर्मनमधून इटालियनमध्ये आणि परत उलटं. दोन्ही पोरं नुसती माना वळवत होती. मधेच लेकीला एक शब्द अडला तर पोरानं हातानं घड करून दाखवला. ती हसली. तेव्हा मी जरा मोकळा झालो, पण वाद सोडला नाही. मी विचारलं, एवढी साखर मण्यात कोंबून भरलीस, मग ती गेली कुठं? लेकीनंच उत्तर दिलं, की रस आंबवणारे बारीक जंतू असतात, ते ती साखर खातात आणि तिची दारू होते. पूर्वी तिकडं गोडच वाईन करायचे आणि अजूनही एक गोड करतात, पण पिंपात ठेवून तिचं तिला पुरं होऊ दिलं की साखर संपते आणि ही उरते. म्हणून एवढी कडक.

मी म्हटलं, म्हणजे गोड भाग दुसऱ्यानं खाल्ला आणि साली आपल्याला ठेवल्या.

इटलीवाला यावर टेबलावर हात आपटून हसला. मग त्याचं तोंड एकदम गंभीर झालं आणि त्यानं पोराकरवी मला सांगितलं, की ही वाईन रिकाम्या तोंडाची नाहीच. ही जेवणाची आहे. पाहुणा आला म्हणून त्यानं आधी पेला दिला, वास घ्यायला. पाहुणा जेवणापर्यंत थांबला असता तर काप्पुट म्हणाला नसता. असं म्हणून तो आत गेला आणि ताटं घेऊन आला.

मेंढीच्या खांद्याचं मटण. गाय आम्ही खात नाही हे पोरानं आधीच सांगून ठेवलेलं. ते मटण त्याच वाईनमध्ये दुपारपासून मंद आचेवर शिजत होतं, आणि एवढं मऊ की हाडाला फक्त वळख दाखवण्यापुरतं धरलेलं. रस्सा काळा, दाट. सोबत पिवळं काहीतरी घट्ट, त्याला ते पोलेंटा म्हणतात. मंडळीनं बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाली, ह्या तर मक्याच्या कण्या. आणि एका फळीवर जुनं चीज, इतकं कडक की सुरीनं कापत नाहीत, गुळाच्या ढेपेसारखं टोचून फोडतात.

ताटं पुढं आली आणि मी अडकलो. तोंड गोड झालेलं नाही. शब्द दिलेला नाही. आणि त्या घरचं अन्न खाल्लं की शब्द दिल्यासारखंच. खावं तर हो होतं, न खावं तर नाही होतं. मी हात मांडीवर ठेवून बसलो. लेक ताटाकडं न बघता माझ्या हाताकडं बघत होती. पोरगाही. त्यांचं जेवण निवत चाललं होतं. पित्ताचं निमित्त सांगावं असं एकदा जिभेवर आलंही.

तेवढ्यात मंडळीनं कण्यांचा घास मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. हातानं, सरळ. सगळ्यांनी बघितलं. तिनं घास चावून गिळला, दुसरा मोडला आणि मला म्हणाली, "मी खाल्लं बघा. मुलीच्या आईचं झालं. तुमचं तुम्ही काय ते ठरवा, पण मटण गार झाल्यावर ठरवू नका."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या आधी जेवली नव्हती.

मी घास घेतला. मग पेला घेतला, आणि या खेपेला थोडीच, तोंडात ठेवली. आता जे झालं ते मी जसं झालं तसं लिहितो. गोड झाली असं मी म्हणणार नाही. पण मटणाची चरबी जिभेवर होती तिथं तिचा कडूपणा जाऊन बसला आणि दोन्हीला चव आली. जाळ होता तो छातीत उतरला आणि तिथं बरा वाटला. शेवटी त्या चीजचा खडा तोंडात धरून वर घोट घेतला तेव्हा मागून बेदाण्याची चव आली, अगदी मागून, पाहुणा परसदारानं यावा तशी. मी पेला पुढं केला. इटलीवाल्यानं तो भरला. आपल्या तिखटजाळ रश्श्याबरोबर ही चालायची नाही, हे मी त्याला आपणहून सांगितलं, मिरची आणि ही मिळून माणूस पेटेल. पण सुकं मटण, खोबरं भाजून, तिखट हात राखून, त्याला ही जाईल. त्यानं खोबरं म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं.

जेवण उरकलं. सगळे कशाची वाट बघत होते ते मला कळत होतं. पण मी एकदा म्हटलंय कडू तोंडानं शब्द देत नसतात, ते मी कसं खोडणार? मी इटलीवाल्याकडं वळलो आणि कामाचं विचारलं. तुझ्या भावाचा माल सप्टेंबरात माडीवर चढतो, जानेवारीत पिळतात. म्हणजे सप्टेंबर ते जानेवारी तुम्ही कोणी हलणार नाही. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. मी म्हटलं, आणि फेब्रुवारी ते एप्रिल माझी शेड चालू असते, तेव्हा मला मरायला सवड नाही. मग उरला मे महिना. वैशाख. ऊन फार आहे आमच्याकडं, पण शेड रिकामी असते आणि सावली भरपूर.

लेकीनं हे भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही तारीख काढताय?"

मी म्हटलं, "मी शेड कधी मोकळी असते ते सांगितलं. त्यातनं काय काढायचं ते तू काढ."

तिनं काढलं. पोराला सांगितलं, पोरानं बापाला. इटलीवाला उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि मला मिठीत घेतलं. त्याच्या मिशा माझ्या गालाला टोचल्या. पुरुषानं पुरुषाला असं करायची आमच्यात पद्धत नाही, पण व्याही म्हटल्यावर काही गोष्टी सोसाव्या लागतात. मंडळी पदराआड हसत होती. लेक तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, लहान होती तेव्हा बैलगाडीत बसायची तशी, आणि घरी जाईपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही. ट्राममध्येसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बाहेर अजून अंधार होता, पण गावाकडं ऊन चढलं असणार. मी गॅलरीत जाऊन धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, यंदाचा माल एप्रिलअखेर उतरला की शेड पाण्यानं धुऊन काढ, जाळ्या सोडवून रॅक एका बाजूला लाव, मांडव तिथंच घालायचाय. तो ओरडून म्हणाला, ठरलं का? आणि मग जे आपल्याकडं कोणीही विचारतं तेच त्यानं विचारलं, पाहुणे कुठले?

मी म्हटलं, "डोंगराकडचे हायत. पण माणसं आपल्यातलीच, रोज माडीवर चढून मणी वेचतात."